आखर, बोळ नं जुनी विहीर वाचवायची असेल तर काय करायचं: पहिल्यांदा या भानगडीत पडणाऱ्यांसाठी

आमचं गाव ताडोब्याच्या बफरला, म्हणजे वाघाच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून आहे. नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलं नाही आणि गावातल्या गावात सगळे सोयरेच. काही वर्षांआधी आमच्या गावात कोणी फुकट जागा घेत नव्हतं, वाघाच्या भीतीनं पोरगी द्यायलाही लोक मागंपुढं पाहत. आता त्याच वाघापायी नागपूर-पुण्याच्या पांढऱ्या गाड्या गल्लीत येऊन उभ्या राहून राहिल्या, कोणाला होमस्टे काढायचा आहे, कोणाला फार्महाऊस, कोणाला नुसतंच "इन्व्हेस्टमेंट" म्हणून पाच गुंठे घेऊन ठेवायचे आहेत. ज्या सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) कोणी शेणही टाकत नव्हतं तिच्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले.

आमच्याकडे झालं असं. मालगुजाराचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या गावमालकाचा, जुना वाडा त्याच्या नातवानं नागपूरच्या पार्टीला विकला. विको, त्याचा वाडा. पण खरेदीखताच्या चतुःसीमेत (चारही बाजूंच्या हद्दीत) "समोरील मोकळी जागा व विहीर" असं लिहून टाकलं, आणि ती मोकळी जागा म्हणजे आमचा आखर, गावची ढोरं सकाळी जिथं जमा होतात तो. एक दिवस उठून पाहतो तर आखरावर सिमेंटचे खांब गाडलेले, विहिरीकडचा बोळ तारेनं बंद. सारं गाव म्हणते "हे तर गावाचं आहे", पण कागद कोणाजवळच नाही. चौदा महिने धावलो तेव्हा कुठं बोळ मोकळा झाला, त्यातले निदान पाच महिने मी चुकीच्या दारात उभा राहण्यात घालवले. तुमचे ते पाच महिने वाचावे म्हणून हे लिहून राहिलो. मी वकील नाही, कास्तकार आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

१. आधी ठरवा, भांडण कोणत्या जागेचं आहे

लोक इथंच चुकतात. मी पहिल्यांदा गेलो पोलीस स्टेशनला, तिथं अदखलपात्र लिहून घेतली आणि "दिवाणी मामला आहे" म्हणून हातात कागद दिला, बस. मंग कळलं की प्रत्येक जागेचं दार वेगळं:

- गावठाणातलं तुमचं स्वतःचं घर, वाडी, शेजाऱ्यासोबतची भिंत: भूमी अभिलेख (मोजणीसाठी), नाहीच जमलं तर दिवाणी कोर्ट.
- गावठाणातला बोळ, रस्ता, गटार, ग्रामपंचायतीची विहीर: ग्रामपंचायत.
- आखर, बोडी (लहान तळं), तलाव, गायरान, मसणवटा, म्हणजे सरकारी पण गावाच्या वापराच्या जागा: तहसीलदार, आणि सोबत ग्रामपंचायतही.
- शेतात जायची पांधण, धुऱ्यावरचा रस्ता: तहसीलदार.

आमच्या प्रकरणात दुसरा नं तिसरा प्रकार एकत्र होता, म्हणून दोन वेगळे अर्ज करावे लागले. एकाच अर्जात सारं कोंबलं की दोन्ही ऑफिसं म्हणतात "हे आमच्याकडं येत नाही".

२. कागद जमवा, भांडायच्या आधी

आमच्या पूर्व विदर्भात गावठाणाचे कागद असे अर्धवट काहून आहेत ते थोडं सांगतो, कामी पडते. हा भाग मध्य प्रांतातला, मालगुजारी पद्धतीचा. मालगुजार तोंडी सांगायचा "इथं घर बांध", लोक बांधायचे. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि गावठाण, तलाव, वाटा, बाजाराच्या जागा सरकारकडे गेल्या, मालगुजाराजवळ राहिला त्याचा राहता वाडा, खाजगी विहीर, घरची जमीन वगैरे. म्हणजे आज कोणी मालगुजाराचा वारस गावाची मोकळी जागा विकून राहिला असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की १९५१ नंतर ती तुमच्याजवळ राहिली कशी, कागद दाखवा. आमच्या प्रकरणात हा एक प्रश्न अर्ध्या लढाईएवढा होता.

आता यादी:

- ग्रामपंचायत नमुना ८. घराच्या कर आकारणीची नोंद. इथं दोन खड्डे आहेत. एक, पटवाऱ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा, लोक एकाच्या जागी दुसरा आणतात नं अख्खा दिवस वाया जातो. दोन, नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, तो कराचा कागद आहे. "नमुना ८ वर माझं नाव आहे" म्हणून छाती काढून फिरणारे कोर्टात हिरमुसून येतात. तरी काढा, कारण किती वर्षांपासून कोणाचा ताबा आहे ते त्यातून दिसते. जुन्या वर्षांचे उतारे मागा, नुसता चालू सालचा नको.
- नमुना २२, २३ नं २४. हे कोणी मागत नाही. २२ मध्ये ग्रामपंचायतीची स्थावर मालमत्ता, २३ मध्ये रस्ते, २४ मध्ये जमिनी. तुमची विहीर, तुमचा बोळ यात आहे का ते पाहा. आमची विहीर २२ मध्ये निघाली, दुरुस्तीचा खर्चही लिहिलेला होता, पण बोळ २३ मध्ये नव्हता आणि समोरच्याच्या वकिलानं तेच धरून ठेवलं.
- सातबारा आणि गावाचा नकाशा. आखर, बोडी, गायरान यांना बहुतेक वेळा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर असतो. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, फोनवरचा स्क्रीनशॉट चालत नाही.
- निस्तार पत्रक. याच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे.
- जुने कागद: मिसल बंदोबस्त (इंग्रजांच्या काळच्या जमीन मोजणीचे कागद), १९५४-५५ चं अधिकार अभिलेख (कोणाचा काय हक्क त्याची नोंद). जातीच्या दाखल्यासाठी लोक हेच काढतात, त्यामुळं गावातल्या कोणा ना कोणाच्या पेटीत एखादी नक्कल सापडतेच. आधी गावात विचारा, मंग रेकॉर्ड रूमला जा.
- समोरच्याचं खरेदीखत. दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते. चतुःसीमा नीट वाचा, क्षेत्रफळ नं चतुःसीमा एकमेकांशी जुळतात का ते पाहा. आमच्या प्रकरणात क्षेत्रफळ वाड्याएवढंच होतं, चतुःसीमा मात्र विहिरीपर्यंत ताणलेली.
- घरपट्टी, लाईट बिल, घरकुलाचा कागद, जुने फोटो. लग्नाच्या अल्बमात मागं विहीर दिसते का पाहा, हसू नका, आमच्या फाईलीत असा एक फोटो लागला आहे, त्यात नवरदेवापेक्षा विहिरीचा काठच स्पष्ट आला आहे.

निस्तार पत्रकाबद्दल. ही खास आपल्या विदर्भाची चीज आहे, पुण्याकडच्या माणसाला विचारलं तर त्याला माहीत नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये विदर्भापुरता एक वेगळा भाग आहे. त्यातल्या कलम १६१ प्रमाणं गावातल्या सरकारी पडीक जमिनीचा वापर लोक कसा करतील, चराई कुठं, लाकूडफाटा कुठून, हे निस्तार पत्रकात लिहिलेलं असते, आणि ढोरं कुठं बसतील, मसणवटा कुठं, अशासाठी राखून ठेवलेल्या जागाही जुन्या कागदात सापडतात. कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज वेगळं: दुसऱ्याच्या खाजगी जमिनीतून किंवा पाण्यातून गावाला रिवाजानं जे हक्क आहेत, जाण्यायेण्याचा, ओलिताचा, मासोळ्या धरण्याचा, ते त्यात असतात. खाजगी मालकीची बोडी असली तरी मासोळीचा हक्क गावाचा असू शकतो तो यामुळं.

मिळते कुठं? पटवाऱ्याला विचारलं तर (आता कागदावर त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात पटवारीच) तो म्हणाला "असं काही नसते". मंग तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेलो, तिथं "सापडत नाही". शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि शब्द असे लिहिले: "मौजा अमुक, तालुका अमुक, येथील निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची साक्षांकित प्रत; उपलब्ध नसल्यास तसे लेखी द्यावे". हे शेवटचं वाक्य विसरू नका. लेखी "नाही" म्हणायचं आलं की शोधणारा बरोबर शोधतो. तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागते, नाही आलं तर पहिलं अपील. आम्हाला सत्ताविसाव्या दिवशी फोन आला, "सापडलं, घेऊन जा". मोडी वळणाची मराठी, पिवळा कागद, आणि त्यात एका ओळीत "ढोरं उभे करण्याकरिता" नं पुढं खसरा नंबर, म्हणजे त्या जागेचा जुना नंबर. मी तिथंच बाकावर बसलो.

३. जागेवरचा पुरावा लवकर घ्या

जेसीबी एका सकाळी सारं बदलवते. म्हणून खांब दिसले त्याच दिवशी फोटो नं व्हिडिओ काढा, तारीख नं लोकेशन छापणारं कॅमेरा ॲप फुकट मिळते ते वापरा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, वय, किती वर्षांपासून काय पाहिलं, खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. आमच्या गावच्या एका आजीनं सांगितलं की तिच्या लग्नात हळदीचं पाणी याच विहिरीतून आणलं होतं. आजी त्या पावसाळ्यातच गेली, कागद राहिला.

भांडण वाढलं तरी खांब उपटू नका, तार तोडू नका. आमच्या दोन पोरांनी रात्री जाऊन एक खांब पाडला आणि तीन महिने चर्चा आखराची न राहता त्या खांबाची झाली, गुन्हा दाखल झाला तो वेगळाच.

४. शेजाऱ्याशी बोला

माझं एक दुसरंही भांडण यातच चालू होतं, काकाच्या पोरासोबत, सांदवाडीच्या भिंतीवरून. तो म्हणे भिंत माझी, मी म्हणो माझी. तीन पिढ्या ती मातीची भिंत दोघांच्याही कवेलूचं पाणी झेलत उभी होती, कोणाची हे कोणी विचारलं नव्हतं. भाव वाढला तसा दोघांनाही एक हात जागा दिसू लागली. शेवटी काकूनं दोघांना बसवून चहा पाजला नं म्हणाली, "बापा, विकायची असेल तर सांगा, नसेल विकायची तर भांडता कायले?" दोघांनाही विकायची नव्हती. भिंत सामाईक असं दोघांनी कागदावर लिहून सह्या केल्या, आता तो कागद दोन्ही घरी आहे.

तंटामुक्त गाव समिती २००७ पासून गावोगावी आहे, काही गावात नुसती पाटीपुरती, काही गावात खरंच काम करते. घरगुती हद्दीच्या भांडणाला ती बरी. पण समोर बाहेरची पार्टी असेल तर समितीवर फार भरवसा ठेवू नका, ते येतच नाहीत, नं आले तर वकील घेऊन येतात. तरी एकदा लेखी बोलवा, "आम्ही आधी समजुतीनं प्रयत्न केला" हे पुढं दाखवता येते.

बाहेरून येणारा प्रत्येक माणूस दुष्मन नसतो, हेही सांगून ठेवतो. आमचा वाडा विकत घेणाऱ्यानं सागाचे खांब, पडवी, कोरीव दरवाजा सारं जपलं आहे. वारसाच्या हातात राहिला असता तर लाकूड केव्हाच विकलं गेलं असतं. त्याची चूक वाडा घेण्यात नव्हती, आखर घेण्यात होती. आणि हो, ढोराच्या शेणाचा वास येतो म्हणून त्याच्या पाहुण्यांनी तक्रार केली होती. "खेड्याचा अनुभव" म्हणून पैसे देऊन आले होते.

५. मोजणी, आणि ड्रोनवाला नकाशा

स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, गावठाणाची ड्रोननं मोजणी करून प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक देण्यासाठी. चांगली योजना आहे, पण ड्रोन फक्त चुन्याच्या रेघा पाहते. ज्या दिवशी चुना टाकतात त्या दिवशी तुम्ही घरी असा. आमच्याकडे ऐन रोवणीत आले, अर्धं गाव बांधीत चिखलात, आणि शेजारच्यानं जिथं चुना टाकला तीच हद्द झाली. दोन घरांमधला बोळ एकाच्या घरात जाऊन बसला.

चुना टाकताना या गोष्टी पाहा:

- बोळ, गटार, विहिरीभोवतीची जागा वेगळी दाखवली का. ती कोणा एकाच्या नावानं जायला नको.
- मधातली भिंत सामाईक असेल तर तसं सांगा, लिहून घ्यायला लावा.
- मंग चौकशीच्या वेळी नकाशा ग्रामपंचायतीत ठेवतात, तेव्हा जाऊन आपलं घर शोधा, हरकत असेल तर तिथंच लेखी द्या. पत्रक छापून आल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे अपिलाच्या चकरा.
- घर आजोबाच्या नावानं असेल तर सगळ्या वारसांची नावं सांगा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची सुद्धा. २००५ पासून पोरीचाही सारखाच हक्क आहे. नाव लपवलं तर आज ना उद्या ते निघतेच.

साधी मोजणी करायची असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, आता ऑनलाईनही होते. लगतच्या सगळ्या कब्जेदारांची नावं बरोबर द्या, एकाला नोटीस गेली नाही तर तो नंतर सारी मोजणीच हाणून पाडतो. मोजणीच्या दिवशी जागेवर झाडझुडूप कापून ठेवा, जुन्या हद्दीच्या खुणा, दगड, बाभूळ दाखवा. काम झालं की "क" प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्या. मोजणी पटली नाही तर निमताणा मोजणी मागता येते, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. आणि एक गोष्ट पक्की समजून घ्या: मोजणीवाला हद्द दाखवते, कब्जा काढून देत नाही. आमच्या गावातले एकजण मोजणी झाल्या-झाल्या खुणेवर भिंत बांधायला गेले आणि दोन्हीकडची डोकी फुटली.

६. ग्रामपंचायतीत अर्ज आणि ग्रामसभा

सार्वजनिक रस्ता किंवा मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३. अर्जात हे कलम लिहा. नवीन बांधकामाची परवानगी कलम ५२ मध्ये येते, म्हणून सोबत हेही विचारा की समोरच्यानं बांधकामाची परवानगी घेतली का, घेतली असेल तर प्रत द्या.

अर्ज तोंडी नाही. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊन घरी आणा. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टानं पाठवा नं पोस्टाची पावती जपून ठेवा. मी पहिले तीन अर्ज पोच न घेता दिले होते, ते तिन्ही "आलेच नाहीत".

मंग ग्रामसभा. वर्षातून चार तरी होतात. विषय आधीच सूचनेत टाकायला लावा, "आयत्या वेळचे विषय" म्हणून टाकला तर नंतर कोणीही त्यावर बोट ठेवते. बाया आल्या पाहिजेत, विहिरीचा प्रश्न त्यांचा आहे, आमच्या सभेत खरा जोर त्यांचाच होता, माणसं मागं उभी राहून खर्रा खात होती. ठरावाचे शब्द आधी घरी लिहून न्या, नाहीतर "चर्चा झाली" एवढंच रजिस्टरमध्ये येते. आम्ही लिहिलं होतं: आखर अमुक नंबर व विहीर ही गावाच्या सामाईक वापराची असून त्यावरील खांब व तार काढण्यात यावी, बोळ नमुना २३ मध्ये नोंदवावा, विहिरीचा गाळ काढावा. ठरावाची नक्कल लगेच मागा.

ग्रामपंचायत हललीच नाही तर? गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार होते, आणि कलम ५३ मध्येच अशी सोय आहे की पंचायतीनं केलं नाही तर जिल्हाधिकारी करू शकतात. काही ठिकाणी हलत नाही कारण सदस्याचंच अतिक्रमण असते. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलं तर सदस्य अपात्र होतो, कलम १४ मध्ये आहे. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, पण माहीत असू द्या. आमच्याकडे नुसतं माहीत आहे एवढं कळल्यावर फाईल पुढं सरकली.

७. तहसील

सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण महसूल अधिनियमाच्या कलम ५० मध्ये येते. अर्जासोबत निस्तार पत्रकाची प्रत, सातबारा, नकाशा, फोटो, ग्रामसभेचा ठराव. तलाव-बोडी बुजवून राहिले असतील तर २८ जानेवारी २०११ चा सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग निकाल अर्जात लिहा. ते प्रकरण पंजाबातल्या गावतळ्याचं होतं, पण कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणं काढा. आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत, बाकी ठिकाणी लोक तलाव खोदायला पैसे मागतात नं आपण असलेले बुजू देऊन राहिलो.

शेताची पांधण अडवली असेल तर दोन रस्ते. आधीपासून वहिवाट होती नं कोणी बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. "पीक निघू दे मंग पाहू" म्हणत लोक सहा महिने घालवतात. रस्ता आधी नव्हताच, नवीन पाहिजे, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. महसूल अधिनियमाखालचा तहसीलदाराचा आदेश पटला नाही तर अपिलाला साधारण साठ दिवस असतात, आदेशाची तारीख नं तुम्हाला मिळाल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा.

८. फेरफारावर नजर ठेवा

जमीन विकली की फेरफार पडतो, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलायची नोंद होते, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. हरकत आली की प्रकरण तक्रारी होते नं सुनावणी लागते. पूर्वी नोटीस चावडीवर चिकटवत, आता "आपली चावडी" वेबसाईटवर गाव निवडून मोबाईलवरच दिसते. आमच्या गावात एका पोराला हेच काम दिलं आहे, दर सोमवारी पाहायचं नं गावच्या ग्रुपवर टाकायचं.

९. स्वतःच विकून राहिले असाल तर

विकू नका असं मी कोणाला म्हणणार नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, कर्ज, ज्याचं त्याला माहीत. पण या गोष्टी तपासा:

- सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का. असेल तर ती परवानगीशिवाय विकता येत नाही.
- आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देताना कलम ३६ नं ३६-अ ची मंजुरी लागते. "आदिवासीच्याच नावानं घेऊ, पैसा आम्ही देऊ" असा डाव टाकणारे फिरून राहिले आहेत, त्यात शेवटी बुडतो तो आपलाच माणूस.
- नोटरीच्या कागदावर जागा विकली जात नाही, खरेदीखत रजिस्टर झालं पाहिजे.
- ताडोब्याभोवती २०१९ ला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, त्यात हॉटेल-रिसॉर्टवर बंधनं आहेत. "परवानगी मिळून जाईल, मंग बाकीचे पैसे देतो" असा इसार करू नका.
- जमिनीसोबत वाट विकू नका. मागच्या भावाची वाट तुमच्यातून असेल तर खरेदीखतात तसं लिहा.

१०. जुनी वास्तू जपायची असेल तर

जास्त आशा ठेवू नका. हेमाडपंती मंदिर किंवा किल्ला असेल नं तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित असेल तर भोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई नं पुढचे दोनशे मीटर परवानगीनं, हा नियम २०१० पासून आहे. पण लक्षात घ्या, ज्यांची घरं त्या शंभर मीटरात आहेत त्यांना स्वतःच्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, म्हणून "आमचं मंदिर संरक्षित करा" अशी मागणी करण्याआधी त्या घरांना विचारा. साधी चावडी, पार, बावडी, मातामायचं ठाणं यांना असा कायदा सहसा मिळत नाही. त्यांच्यासाठी उपाय एकच, नमुना २२ मध्ये नोंद, ग्रामसभेचा ठराव, आणि वापर चालू ठेवणं. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ मध्ये किल्ल्याचा परकोट हातानं साफ करायला घेतला, झुडपं काढली, तेव्हा कुठं शहरातल्या लोकांना आपल्याला किल्ला आहे हे दिसलं. आम्हीही विहिरीचा गाळ स्वतःच काढला, पाच रविवार लागले. वापरात असलेल्या विहिरीवर तार टाकणं अवघड जाते.

११. कोर्ट

सगळ्यात शेवटी, पण एका गोष्टीत उशीर नको: तुमच्या ताब्यातली जागा कोणी जबरदस्तीनं घेतली तर सहा महिन्यांच्या आत दावा टाकला तर फक्त आधीचा ताबा दाखवावा लागते, मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. वाटेचा नं खिडकीच्या उजेडाचा हक्क वीस वर्षं अखंड वापरानं मिळतो, जबाब घेताना म्हणून "वीस वर्षांपेक्षा जास्त" हे नेमकं लिहून घ्या, खरं असेल तर. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते.

आमचं सध्या कुठवर आलं विचाराल तर बोळ मोकळा आहे, विहिरीवर बाया जातात, तार निघाली. गावच्या बोडीची मोजणी दिवाळीनंतर लागली आहे. आखरावरचे तीन खांब मात्र अजून उभेच आहेत, काढायचे कोणी आणि खर्च कोणाचा यावर ग्रामपंचायत नं तहसील यांचा पत्रव्यवहार चालू आहे, तोवर गुराख्यानं त्यांना दोरी बांधली नं गावच्या बाया तिच्यावर गोधड्या वाळू घालून राहिल्या.